न पिताच झिंग!

२०१९. ऑनसाइटला बर्मिंगहॅमला होतो. टीममधला ब्रिटिश कलीग म्हणाला, ''चल, न पिताच झिंग आणतो!'' आणि डडली शहराजवळच्या हिमलीत ‘द क्रुकेड हाउस’ या पबमध्ये घेऊन गेला.

मूळचं हे १७६५चं शेतघर. खालचा कोळसा काढल्यामुळे जमीन खचली आणि घराची एक बाजू सुमारे चार फूट खाली गेली. १८३०च्या सुमारास तिथे पब सुरू झाला. आत सगळंच तिरकं. टेबलावरची गोटी चक्क चढावर जाताना दिसते! अर्थात, नजरेचा खेळ.

रात्री बाबांना फोटो पाठवला. ''मलाही दाखव रे एकदा.''

''पुढच्या वर्षी, नक्की!'' अडीचशे वर्षं उभं असलेलं घर कुठे पळून जातंय?

पुढच्या वर्षी कोविड आला. मग डेडलाइन्स. जुलै २०२३मध्ये पब विकला गेला. ५ ऑगस्टच्या रात्री आग लागली आणि ७ तारखेला पोकलेनने उरल्यासुरल्या भिंतीही पाडल्या. फेब्रुवारी २०२४मध्ये कौन्सिलने तो होता तसा पुन्हा बांधण्याचा आदेश काढला खरा. पण बाबांना मी काय सांगू?

तो फोटो आला की ते अजूनही मोबाइल तिरका धरून घर सरळ करू बघतात.