तिलाही दम घेऊ द्या

माझी थोरली लेक बर्मिंगहॅमला असते. मागच्या जूनमध्ये तिला पाचवा महिना होता. जावई म्हणाले, "अम्मी, बाळ आल्यावर फिरणे होणार नाही. आपण सगळे चार दिवस ग्रीसला जाऊ." त्यांनी झाकिंथॉस हे बेट निवडले होते.

बेटाच्या दक्षिणेला लागानासचा उपसागर आहे. 'कॅरेटा' जातीची समुद्री कासवे तिथल्या वाळूत अंडी घालतात. भूमध्य समुद्रातल्या त्यांच्या सर्वांत मोठ्या विणीच्या जागांपैकी ही एक. म्हणून १९९९ साली तिथे राष्ट्रीय सागरी उद्यान झाले. समोरच मारॅथोनिसी नावाचे छोटे बेट आहे. नाव ऐकून मला वाटले, इथेही मराठी माणूस पोहोचला की काय! जावयांनी सांगितले, ग्रीकमध्ये 'मारथो' म्हणजे बडीशेप.

कासवे पाहायला आम्ही काचेच्या तळाच्या बोटीत बसलो. लेकीकडे पाहून एक वयस्क बाई लगेच उठल्या आणि सावलीतली जागा तिला दिली. कुणी पाण्याची बाटली पुढे केली. भाषा कळत नव्हती, माया कळत होती.

थोड्या वेळाने कप्तान ओरडला. पाण्यात तपकिरी पाठ दिसली. कासवीण श्वास घ्यायला वर आली होती. पाहता पाहता चार-पाच बोटी तिच्याभोवती जमल्या. ती बुडी मारी, बोटी मागे जात. ती वर येई, सगळे मोबाइल उंचावत. खोटे कशाला सांगू, मीही उभी राहून, "अजून जवळ घ्या," म्हणत होते. गावाकडच्या नातवंडांना फोटो पाठवायचा होता.

तेवढ्यात लेक हळूच म्हणाली, "अम्मी, तिला श्वास तरी घेऊ द्या."

तिने येण्याआधी वाचले होते. या दिवसांत काठाजवळच्या उथळ पाण्यात संथ तरंगणाऱ्या माद्यांच्या पोटात बऱ्याचदा अंडी असतात. कोमट पाण्यात ती लवकर तयार होतात, म्हणून त्या तिथे विसावतात. एका मोसमात दोन-तीन वेळा, दर वेळी शंभरच्या आसपास अंडी. म्हणजे आम्ही जिच्या मागे लागलो होतो, तिचेही दिवस भरत आले असावेत. एकीला आम्ही सावली दिली आणि दुसरीला दमवत होतो. मी मुकाट्याने खाली बसले.

जावयांनी कप्तानाला विनंती केली. त्याने खांदे उडवले. तिकिटावरच छापले होते, कासव दिसले नाही तर पैसे परत. त्याचीही रोजीरोटी होती. मग माझ्या लक्षात आले, तिच्या मागे बोट नव्हे, आमचे तिकीट धावत होते. मी जावयांना म्हटले, "त्याला सांगा, आम्ही पाहिले, पैसे मागणार नाही." त्या वयस्क बाईंनीही मान हलवली. कप्तानाने बोट वळवली. बाकीच्या बोटी तिथेच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी गेराकासच्या किनाऱ्यावर गेलो. घरट्यांवर लाकडी चौकटी उभ्या होत्या. रात्री तो किनारा माणसांना बंद असतो, कारण माद्या रात्रीच वर येतात आणि पिल्ले उजेडाने वाट चुकतात.

माझे माहेर बाणकोटच्या खाडीकाठी. लहानपणी टोपलीतून कासवाची अंडी विकायला येत, कुणाला काही वाटत नसे. आता जवळच्याच वेळासला गावकरी तीच अंडी राखतात आणि पिल्ले समुद्रात सोडताना पाहायला मुंबई-पुण्याची माणसे येतात. चांगलेच आहे. पण तिथेही गर्दी पुढे सरकते, मोबाइल पुढे सरकतात.

भगिनींनो, मुलांना समुद्र जरूर दाखवा. फक्त बोटीत बसण्याआधी विचारा, "लांबून दाखवाल ना?" कासव दिसलेच नाही, तर नाराज होऊ नका. ही मख्लूक आपल्याकडे अमानत आहे, आपल्या करमणुकीसाठी बांधलेली नाही.

ऑक्टोबरमध्ये नात झाली, अलहम्दुलिल्लाह. माझ्या मोबाइलमध्ये त्या कासविणीचा एकच फोटो आहे, हललेला. नात मोठी झाली की दाखवीन, आणि तो का हलला तेही सांगीन.