आमची येळवस

लातूर शहरात वर्षातून एक दिवस असा येतो, की भर दुपारी मोठ्या रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. दुकानं बंद, कचेऱ्या बंद. दंगल नाही, मोर्चा नाही. त्या दिवशी मार्गशीर्षातली अमावास्या असते आणि सारं गाव शेतात जेवायला गेलेलं असतं! लिहिताना 'वेळ अमावास्या' लिहितात. आम्ही म्हणतो येळवस. शेजारी कर्नाटकात हीच 'एळ्ळ अमावास्या'. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. राज्याच्या सुट्ट्यांच्या यादीत ती नसते, पण आमच्या जिल्ह्यापुरती सुट्टी जिल्हाधिकारी देतात. न देऊन करतील काय? कचेरीत येणार कोण?

गेल्या वर्षी मी कॉलेजात आले. वसतिगृहात माझ्या खोलीत एक हिंगोलीची आणि एक नाशिककडची, अशा दोघी. दोघींनाही येळवस ठाऊक नव्हती. मग मी सांगू लागले. कोप कशी बांधतात, आंबील कशी आंबवतात, भज्जीत काय काय पडतं... सांगता सांगता बोलून गेले, "आमच्या शेतात ना..."

आमच्या शेतात! शब्द निसटला तो निसटलाच. तो परत घ्यायचं धाडस मला झालं नाही.

खरं म्हणजे आम्हाला शेत नाही. गुंठाभरसुद्धा नाही. माझे अण्णा सालगडी आहेत. पाडव्याला साल ठरतं, पुढल्या पाडव्याला संपतं, की पुन्हा ठरतं. माय त्याच मालकाच्या रानात रोजानं खुरपायला जाते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बोलताना 'हाय'चं 'आहे' करायला मी शिकले होते. त्याच ओघात 'नाही'चंही 'आहे' केलं!

डिसेंबर आला आणि मैत्रिणी हटून बसल्या. "तुझ्या शेतात जेवायला येणारच." सोमवारी, ३० डिसेंबर २०२४ ला येळवस होती. मी रविवारीच गावी गेले. एस.टी.त सगळा वेळ एकच विचार : उद्या काय होणार?

येळवशीच्या आदल्या रात्री आमच्याकडच्या बायांना झोप नसते. माय आधी मालकाच्या घरी राबून आली आणि मध्यरात्री तिनं आमची चूल पेटवली. हिरवे हरभरे, तुरीचे दाणे, वाटाणा, वालाच्या शेंगा, ओले शेंगदाणे, मेथी, पालक, कांद्याची पात, वांगं, गाजर... रानात त्या दिवसांत जे जे पिकतं ते ते भज्जीत पडतं. वर चिंचेचा कोळ, लसूण-मिरचीचं वाटण आणि दाटपणाला बेसन. कुठली एक भाजी म्हणून ओळखू येत नाही, आणि कुठलीही कमी पडली तर जिभेला कळतं. एका पातेल्यात बाजरीचे उंडे वाफत होते. गव्हाची खीर गुळात रटरटत होती. ज्वारीचं पीठ ताकात कालवून केलेली आंबील कोपऱ्यातल्या मडक्यात आंबत होती.

तिळाची पोळी लाटता लाटता मी मायला सारं सांगून टाकलं. वाटलं, रागावेल. ती चुलीतलं लाकूड पुढं सारत म्हणाली, "यात लपवायलीस काय? आधी जेवू घाल त्यांला. शेत कुणाचं ते जेवल्यावर सांग."

सकाळी मैत्रिणी आल्या. आम्ही डोक्यावर दुरड्या घेऊन बांधाबांधानं निघालो. कोपीला कडबा लागतो. पण सोयाबीन आल्यापासून आमच्याकडे ज्वारीचा पेरा कमी झालाय. अण्णांनी शेजारच्या शिवारातून पाच पेंढ्या मागून आणल्या होत्या. आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, म्हणजे पांडव. पूजेला पुण्याहून मालकाचा मुलगा आला होता. कुठलं ताट कुठं ठेवायचं, दिवा कुठं लावायचा, हे अण्णा त्याला हळूच सांगत होते. मग आंबील शिंपडत ते पिकाभोवती फिरून आले.

ज्याला शेत नाही त्याला शेतवाल्यानं जेवायला बोलवावं, अशी आमच्याकडची रीत आहे. आम्हीही दरवर्षी जेवतो, पण दुसऱ्या पंगतीला. त्या दिवशी मालकीणबाईंनी माझ्या मैत्रिणींना पाहुण्या म्हणून पहिल्या पंगतीत बसवलं आणि मलाही हाताला धरून त्यांच्या शेजारी बसवलं. वाढायला माय होती. तिनं माझ्या ताटात भज्जी वाढली, तेव्हा माझी मान वर होईना.

तेवढ्यात नाशिककडचीनं विचारलं, "तुमचं हे शेत किती एकर आहे गं?"

भाकरीची दुरडी घेऊन आलेले अण्णाच बोलले, "शेत मालकाचं हाय, लेकी. सोळा सालं झाली, मी राबतो हितं."

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. "हो," मी म्हणाले, "आमचं नाही." क्षणभर कुणी बोललं नाही. मग हिंगोलीचीनं ताट पुढं केलं, "मावशी, अजून भज्जी."

जेवण झाल्यावर मी हात धुतले आणि मायच्या हातातलं पातेलं घेतलं. म्हटलं, "आता तू बस." दुसरी पंगत मी वाढली.

सांजेला मालकाचा मुलगा मोटारीतून निघून गेला. अंधार पडल्यावर अण्णांनी कडब्याचा हेंडगा पेटवला आणि तो घेऊन साऱ्या शेताला फेरी घातली. कुठं खड्डा आहे, कुठं बांध खचलाय, हे त्यांच्या पायांना पाठ होतं. सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही. येळवशीच्या जेवणानं ते चढतही नाही, हे मला समजतं. वर्षातून एक दिवस पाहुणे, उरलेले दिवस गडी. रीत गोड आहे. पण तिच्या गोडीत हे विसरून चालणार नाही.

परतताना मैत्रीण एवढंच म्हणाली, "आधीच सांगायचं होतंस."

पाडव्याला अण्णांचं साल पुन्हा ठरलं, त्याच मालकाकडे. यंदा डिसेंबरात खोलीत नवी मुलगी आली होती. तिनं येळवशीचं विचारलं, तेव्हा मी सरळ सांगितलं, "चल की आमच्याकडे. शेत मालकाचं आहे. भज्जी माझ्या मायची."

(द्वितीय वर्ष, कला)