मोजून घेतलेलं

मला ९ एमएम कॅलिबरचं वेड. अमेरिकेत पोलिसांची जुनी पिस्तुलं लोक विकत घेऊन जमवतात, रेंजवर चालवतात. मी पुण्यात, कोड बिल्ड होईपर्यंत, त्यांचे व्हिडिओ बघतो. आपल्याकडे साध्या परवान्यावर ९ एमएम मिळत नाही, .३२ बोअर मिळतं.

बाबा अकोटला फौजदार होते. कमरेला इशापूरच्या कारखान्यातलं ‘ऑटो १ए’, मॅगझिनमध्ये १३ काडतुसं. सरावानंतर रिकाम्या पुंगळ्याही मोजून परत कराव्या लागत. लहानपणी मी एकच पुंगळी मागितली होती. त्यांनी दिली नाही.

निवृत्तीनंतर विचारलं, “बाबा, आठवण येते का पिस्तुलाची?”

“मोजून घेतलं, मोजून देल्लं. त्यात काय?”

संध्याकाळी बाहेर निघताना त्यांचा उजवा हात सवयीनं कमरेशी गेला, चाचपून रिकामाच परत आला. मी चप्पल शोधत असल्यासारखं केलं.