आधी रेडिओ, मग ड्रोन

माझ्याकडे ड्रोन शिकायला येणारी पोरं पहिल्या दिवशी पंख्यांकडे बघतात. मोटर केवढी, वाऱ्यात टिकतो का, कॅमेरा कसला, हेच प्रश्न. मी त्यांच्या हातात रिमोट देतो आणि आधी अँटेना बघायला सांगतो. त्या दोन चपट्या पट्ट्यांचं टोक ड्रोनकडे रोखायचं नसतं. सपाट बाजू त्याच्याकडे राहील अशा त्या धरायच्या, कारण टोकाच्या दिशेला लहर फार क्षीण जाते. कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावरून ड्रोन पाण्यावर लांब गेला आणि पडद्यावरचं चित्र अडखळायला लागलं, की पोरगं स्टिक दाबत बसतं. मी नुसतं त्याचं मनगट वळवतो. चित्र परत येतं आणि तेव्हा त्याच्या डोक्यात पहिल्यांदा शिरतं, की आपण हवेशी नाही, लहरींशी खेळतोय.

ड्रोन उडतो हे कुणालाही दिसतं. तो बोलतो हे दिसत नाही. रिमोट खालून हुकूम सोडतो, ड्रोन वरून चित्र, उंची, बॅटरी आणि आपला ठावठिकाणा पाठवतो. म्हणजे एक ट्रान्समीटर आपल्या हातात आणि दुसरा आकाशात. म्हणून ड्रोन परदेशी न्यायचा तर दोन खात्यांशी गाठ पडते, विमान वाहतुकीच्या आणि दूरसंचाराच्या. पहिलं सगळ्यांना सुचतं. दुसरं सुचतं तेव्हा बहुधा बॅगा भरून झालेल्या असतात.

आपले बहुतेक ड्रोन २.४ आणि ५.८ गिगाहर्ट्झच्या आसपास बोलतात. २.४ वर घरोघरचं वायफाय आणि ब्लूटूथ असतं. भारतात हा पट्टा २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झचे पट्टे २०१८ मध्ये. परवानामुक्त म्हणजे बेवारस नव्हे. किती ताकदीनं बोलायचं याची मर्यादा आहेच, आणि यंत्र त्या मर्यादेत बसतं अशी मान्यता दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन शाखेकडून घ्यावी लागते. या मान्यतेचं नाव इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल. २०१८ च्या आपल्या पहिल्या ड्रोन नियमावलीतही ती मागितली होती. आमच्याकडे कॅनॉलच्या पाण्याला जशी पाळी ठरलेली असते, तसंच हे. पाणी सगळ्यांचं असतं म्हणूनच कुणी किती घ्यायचं ते आधी ठरवावं लागतं.

ही वाटणी प्रत्येक देशानं आपापल्या सोयीनं केली आहे. डीजेआय मिनी २ हा २४९ ग्रॅमचा ड्रोन आमच्या धंद्यात घराघरात पोचला. त्याचं माहितीपत्रक नीट वाचलं तर अख्खा विषय तिथंच उलगडतो. २.४ वर त्याची ताकद अमेरिकेच्या नियमाप्रमाणे २६ डीबीएमपर्यंत, म्हणजे सुमारे ४०० मिलिवॉट. युरोपच्या नियमाप्रमाणे २० डीबीएम, म्हणजे १०० मिलिवॉट. ५.८ वर युरोपात ती १४ डीबीएमवर येते, म्हणजे जेमतेम २५ मिलिवॉट. मोकळ्या माळावरचा कागदावरचा पल्लाही तसाच, अमेरिकेत १० किलोमीटर आणि युरोपात ६. यंत्र तेच, पायलट तोच, पण जीपीएसवरून आपण कुठल्या देशात आहोत हे त्याला कळतं आणि ते आपला आवाज खाली आणतं. पन्हाळ्याच्या पायथ्याला जो शॉट सहज मिळतो, तो स्वित्झर्लंडच्या दरीत मध्येच तुटू शकतो. शॉट आखतानाच हे माहीत हवं.

लहरींना परवाना ही गोष्ट आपल्याला नवी वाटू नये. ऐंशीच्या दशकापर्यंत घरातल्या साध्या रेडिओला पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं आणि दरवर्षी पैसे भरावे लागायचे. त्यामागे १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा बिनतारी तार कायदा होता. घरातला रेडिओ तर फक्त ऐकायचा. आपला ड्रोन बोलतो. मग दुसऱ्याच्या देशात बोलण्याआधी त्यांना विचारायचं, यात जाच कसला? माझं हे मत पक्कं आहे, आणि या धंद्यातल्या कितीतरी मित्रांना ते पटत नाही.

कोल्हापूर-सांगलीकडच्या लग्नांचं आता थायलंडपर्यंत जाणं सुरू झालंय. तिथला नियम सगळ्यांत स्पष्ट आहे, म्हणून मी तोच आधी शिकवतो. एनबीटीसी हे तिथलं प्रसारण आणि दूरसंचाराचं नियामक मंडळ. ड्रोन केवढाही असो, आत बिनतारी यंत्र आहे म्हणजे त्याची तिथं नोंद हवी, पर्यटकाचा असला तरी. ड्रोनवर कॅमेरा असेल तर नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाकडे दुसरी नोंद, आणि तिसऱ्याच्या नुकसानीसाठी किमान १० लाख बाथचा विमा. पासपोर्टची प्रत, ड्रोनचे आणि त्याच्या सिरियल नंबरचे फोटो, विम्याचा कागद, हे सगळं जोडायचं. सिरियल नंबर बहुधा बॅटरीच्या खाचेत बारीक अक्षरांत असतो. तो निघण्याआधी घरी, उजेडात, स्वच्छ फोटो काढून ठेवावा. नोंद न करता ड्रोन बाळगला तर १९५५ च्या तिथल्या रेडिओ दळणवळण कायद्याखाली ५ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाख बाथपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि कागद पुरे असले तरी आकाश मिळेलच असं नाही. २०२५ च्या जुलैअखेर कंबोडियाच्या सीमेवर चकमकी झाल्या आणि थायलंडनं देशभर ड्रोन उडवणंच बंद केलं. नोंदणी असलेल्यांचेही बॅगेतच राहिले.

जपानची तऱ्हा वेगळी. तिथं यंत्रावर तांत्रिक मान्यतेची खूण लागते, आणि ५.८ चा पट्टा टोलनाक्यांच्या स्वयंचलित वसुलीला दिलेला असल्यामुळे आपला ड्रोन त्या पट्ट्यावर बोलू शकत नाही. २० जून २०२२ पासून १०० ग्रॅम किंवा त्याहून जड प्रत्येक ड्रोनची नोंदही सक्तीची आहे. म्हणजे आपण ज्या २४९ ग्रॅमच्या ड्रोनला ‘नॅनो, काही लागत नाही’ म्हणतो तो तिथं नियमात बसतो. श्रीलंकेत दूरसंचार नियामक आयोगाची मंजुरी घ्यावी लागते. एव्हरेस्ट बेस कॅम्पला जाणारे आपले ट्रेकर्स नेपाळात गृह मंत्रालय आणि विमान प्राधिकरण या दोन्ही दारांत उभे राहतात. इजिप्त आणि मोरोक्कोला ड्रोन न्यायचाच नाही, विमानतळावरच काढून घेतात.

‘दादा, बॅगेत टाकायचा न जायचं, कोण बघतंय!’ हे वाक्य मी राजारामपुरीत, लक्ष्मीपुरीत, कॅमेऱ्यांच्या दुकानांत सतत ऐकतो. बघतात. बॅटऱ्या स्कॅनरवर लगेच दिसतात, आणि सुट्ट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत चालतच नाहीत, हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. त्यावर वॉट-अवर छापलेले असतात. नसतील तर व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करायचं. १५.४ व्होल्ट आणि ३.८५ अँपिअर-अवरची बॅटरी ५९.२९ वॉट-अवरची झाली. १०० पर्यंत अडचण नाही. १०० ते १६० मध्ये विमान कंपनीची परवानगी लागते आणि अशा जादा बॅटऱ्या दोनच नेता येतात. प्रत्येक बॅटरीच्या टोकांवर टेप लावून ती वेगळ्या पिशवीत ठेवायला मी पोरांना शिकवतो. उड्डाणाचा सराव आणि हा सराव मला सारखाच महत्त्वाचा वाटतो.

परतीचाही विचार जातानाच करायचा. मुंबईतून निघताना कस्टमच्या खिडकीवर ड्रोन दाखवून सिरियल नंबरसह एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यावं. येताना ‘हा माझाच, इथूनच नेलेला’ हे सिद्ध करायला तोच कागद लागतो. सामान मोठं असेल, क्रेन, लेन्सा, सगळा संच, तर फिक्की या उद्योगसंघटनेकडून एटीए कार्ने काढावा. तो सामानाचाच पासपोर्ट असतो. पण कार्ने कस्टमचा प्रश्न सोडवतो, लहरींचा नाही. त्यासाठी तिकडच्या दूरसंचार खात्याचा कागद वेगळाच, आणि इथंच अनुभवी माणसंही गल्लत करतात.

उलट दिशेचं दुःख मी जास्त पाहिलंय. अमेरिकेतला भाचा मोठ्या हौसेनं मामासाठी ड्रोन आणतो आणि तो मुंबई विमानतळावरच अडकतो. ९ फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीला आपल्याकडे बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा एवढेच अपवाद, आणि त्यांनाही मंजुरी लागते. कस्टमच्या फॉर्ममध्ये ड्रोनचा रकाना २०१६ पासूनच आहे. तिकडं असलेल्या प्रत्येक ओळखीच्या कुटुंबाला मी सांगतो, पोराला लेन्स आणू दे, ट्रायपॉड आणू दे, ड्रोन नको.

कोल्हापूरच्या माणसाला यंत्र उघडून बघायची सवय जुनी आहे. बाबूराव पेंटरांनी १९१८ मध्ये इथंच सिनेमाचा कॅमेरा घडवला. कॅमेरा आतून कळला होता म्हणूनच त्यांना तो हवा तसा वळवता आला. ड्रोनवाल्यानंही आपल्या यंत्राला आतून ओळखावं असं मला मनापासून वाटतं, आणि ड्रोनच्या आत डोकावलं की पहिला भेटतो तो रेडिओ. जो आपली वारंवारता सांगू शकत नाही, त्याला दुसऱ्या देशाचा फॉर्म भरता येत नाही, आणि गर्दीच्या मंगल कार्यालयाबाहेर शे-दोनशे मोबाईल वायफाय शोधत असताना २.४ सोडून ५.८ वर कधी जायचं हेही कळत नाही. ज्ञान एकच आहे, ते दोन्हीकडे उपयोगी पडतं.

परवा शिवाजी पेठेतले एक काका आले. मुलाचं लग्न थायलंडात, फुकेतला, समुद्रकिनारी, आणि तारीख अगदी तोंडावर. ‘वरून वरात पाहिजे बघा, पैशाचं बोलू नका.’ मी म्हटलं, ‘काका, एवढ्या दिवसांत माझ्या ड्रोनच्या दोन्ही नोंदण्या होतील याची मी खात्री देत नाही, आणि नोंदणी नसताना मी तो विमानात चढवणार नाही.’ काका नाराज झाले. मग त्यांना सांगितलं, तिथलाच नोंदणी असलेला ड्रोनवाला घेऊ. त्याचं यंत्र, त्याचा विमा, त्याची परवानगी. मी त्याच्या शेजारी उभा राहीन आणि नवरदेव कुठून येणार, उन्हाची तिरीप कुठून पडणार, कुठं थांबायचं आणि कुठं वर जायचं, ते सांगेन. तिथं असं उभं राहून काम करायलाही कागद लागतो, तो माझा मी काढेन. काका थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, ‘म्हणजे उडवणारा तो आणि बघणारा तुम्ही?’ मी हो म्हटलं, आणि त्या ड्रोनवाल्याचे पैसे कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहिले.