काटा की गारगोटी?

मी सांगली जिल्ह्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. वर्षातून एखादं तरी पोर खाणीतून पांढऱ्या सुयांचा झुपका घेऊन येतं आणि विचारतं, "सर, हे समुद्रातल्या प्राण्याचे काटे का?" प्रश्न चांगला आहे. उत्तर मात्र 'नाही' असं आहे.

सातारा-सांगलीचा काळा दगड म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो थिजताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत खनिजांच्या सुया वाढल्या. हे झिओलाइट. आपल्या पायाखाली तरी जुना समुद्र असेल? कोयना परिसरात भूकंपाच्या अभ्यासासाठी खोल विंधनं घेतली. एका ठिकाणी सुमारे ९३० मीटर काळा दगड लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. मध्ये समुद्राच्या गाळाचा थरच नाही.

मग खरा काटा ओळखायचा कसा? स्फटिकाची सुई भरीव आणि सपाट कडांची असते. प्राण्याचा काटा बहुधा आतून पोकळ असतो, त्याला बूड आणि टोक असतं आणि त्याच घडणीचे काटे पुन्हा पुन्हा सापडतात. चुनखडी सौम्य आम्लात विरघळवली की फॉस्फेटचे काटे गाळात उरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्यानं एकेक वेचायचा. आकार मिलिमीटरभर, कधी त्याहून कमी.

रफत आझमी यांनी आयुष्यभर हेच केलं. ते डेहराडूनच्या वाडिया संस्थेतले भूवैज्ञानिक. मसुरीजवळच्या 'ताल' खडकांचं वय पूर्वी डायनासोरांच्या काळातलं मानलं जाई. १९८० नंतरच्या काही वर्षांत त्यांतून प्रोटोहर्टझिना नावाच्या जीवाचे वाकडे, पोकळ काटे मिळाले. हे काटे बाणकृमींच्या भक्ष्य पकडणाऱ्या काट्यांसारखे आहेत आणि ते कँब्रियन काळाच्या आरंभीचे, म्हणजे पन्नास कोटी वर्षांहून जुने. काही काट्यांनी डोंगराचं वय कित्येक कोटींनी मागे नेलं.

१९९८ मध्ये आझमींनी विंध्य खडकांतूनही असे कँब्रियन जीवाश्म मिळाल्याचं जाहीर केलं आणि वादळ उठलं. किरणोत्सारी मोजणी तर ते खडक फार जुने असल्याचं सांगत होती. हे जीवाश्म खरंच तिथले आहेत का, असा संशय घेतला गेला. त्याआधी १९८९ मध्ये हिमालयातल्या जीवाश्मांचा एक मोठा बनाव उघड झाला होता. सगळेच दुधानं पोळलेले होते.

पुढे स्वीडनचे स्टेफान बेंगट्सन आणि सहकाऱ्यांनी तिथून नवे नमुने घेतले. २००९ मध्ये त्यांचा निष्कर्ष आला: जीवाश्म खरे, पण वय सुमारे १६५ कोटी वर्षं. म्हणजे कँब्रियनपेक्षा शंभर कोटींहून अधिक जुने! वलयांकित नळ्या होत्या, सूक्ष्मजीवांचे धागे होते. पण कँब्रियनची खूण म्हणावा असा एकही जीव नव्हता. भ्रूणासारखे दिसणारे गोळे तर निव्वळ वायूचे बुडबुडे निघाले. आपल्याकडे ते लाव्हात अडकले, तिथे शेवाळी चिखलात.

आझमींनी पाहिलेलं खरं होतं, लावलेला अर्थ टिकला नाही. पण अर्थ चुकला म्हणून त्यांच्या पाहण्यावरच शंका घेणं हा अन्याय होता. त्यांनी वस्तू आणि जागा जगासमोर ठेवली, म्हणूनच दुसऱ्यांना तिथे जाऊन तपासता आलं.

साक्षीबद्दल आमचे अब्बा घरच्या बोलीत म्हणत, "जितना देख्या, उतनाच बोल." मी मुलांना वहीत दोन रकाने आखायला लावतो. डावीकडे 'काय दिसलं', उजवीकडे 'काय वाटतं'. उजवा रकाना पेन्सिलीनं लिहायचा. डावा शाईनं.