आपल्या माणसाचं चुकतं तेव्हा

जुलै १९५६ मध्ये चिंतामणराव देशमुखांनी अर्थमंत्रिपद सोडलं. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. १९५० पासून नेहरूंच्या मंत्रिमंडळात होते. पण मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय मंत्रिमंडळाला विश्वासात न घेता जाहीर झाला, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावर झालेल्या गोळीबारात माणसं गेली आणि त्याची न्यायालयीन चौकशी नाकारली गेली. ही तक्रार देशमुखांनी दिल्लीच्या दिवाणखान्यांत कुजबुजत केली नाही. भर लोकसभेत मांडली. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचं अध्यक्षपद त्याच नेहरूंच्या कारकिर्दीत त्यांनी निष्ठेनं सांभाळलं.

त्याच काळात यशवंतराव चव्हाणांनी उलट वाट धरली. संयुक्त महाराष्ट्र की नेहरू, अशी वेळ आली तर आपण नेहरूंच्या बाजूनं, असं ते जाहीरपणे म्हणाले आणि त्यासाठी शिव्याशाप सोसले. आत राहून पटवता येतं, हा त्यांचा भरवसा पोकळ नव्हता. मात्र त्या पटवण्याला धार आली ती रस्त्यावर उतरलेल्या लोकांमुळे आणि १९५७ च्या निवडणुकीत काँग्रेसला बसलेल्या फटक्यामुळे. म्हणून माझं मन देशमुखांकडे झुकतं.

तोंडावर विरोध करूनही साथ न सोडणारी ही निष्ठा मी घरातही पाहिली. वडील एका पतसंस्थेत संचालक होते. चेअरमन त्यांचे जिवाभावाचे मित्र. निवडणुकीत त्यांच्यासाठी वडील दारोदार फिरले होते. एकदा चेअरमननी पुरेशा तारणाशिवाय मेहुण्याचं मोठं कर्ज मंजुरीला ठेवलं. वडिलांनी विरोध केला आणि तो इतिवृत्तात नोंदवायला सांगितला. सचिवांचं पेन थबकलं. “लिहा,” वडील म्हणाले, “माझ्या नावासकट लिहा.” त्या संस्थेत भाजीवाल्या मावशींची रोजची पिग्मी जमा व्हायची, हे त्यांच्या डोळ्यांपुढे होतं.

संध्याकाळी चपला घालून ते नेहमीसारखे मित्राकडे निघाले. आई म्हणाली, “आज कशाला? ते दारही उघडायचे नाहीत.”

“नाही उघडलं तर उद्या जाईन.”

आपल्या माणसाच्या चुकीवर पांघरूण घालताना आपल्याला वाटतं, आपण फार मोठं मन दाखवतोय. खरं तर ते औदार्य आपण दुसऱ्याच्या खिशातून करत असतो. कर्ज बुडालं असतं तर झळ मावशींना लागली असती. गोळीबाराची चौकशी टळली, तेव्हा पोरकी झाली ती गेलेल्यांची घरं. आपल्या गप्प बसण्याची किंमत तिसराच कुणीतरी मोजणार असेल, तर त्या गप्प बसण्याला निष्ठा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

हल्ली पक्षात काय आणि भावकीत काय, शंका विचारली की लगेच सवाल येतो, “तू आमचा की त्यांचा?” मग शहाणी माणसं समोर मान डोलावतात आणि पाठीमागे वाभाडे काढतात. चुकणारा माणूस होयबांच्या गराड्यात एकटा पडतो, आणि त्याला सावरणारं कुणी उरत नाही.

निष्ठेची पारख मला दोनच प्रश्नांत होते असं वाटतं. त्याचं चुकलं तेव्हा तुम्ही त्याच्या तोंडावर बोललात का? आणि बोलून झाल्यावर, त्यानं तोंड फिरवलं तरी, त्याच्या भल्यासाठी तुम्ही उभे राहिलात का? दोन्हींना हो म्हणता येणारा एक जरी माणूस आपल्यापाशी असेल, तर त्याचे कडू बोल ऐकून घ्यावेत. आपल्यावर तेवढा जीव टाकणारं दुसरं कुणी सहसा भेटत नाही.