पाठ कोण पाहणार?

महाशिवरात्रीच्या आठ-दहा दिवस आधी बंगलोरहून धर्मस्थळाच्या रस्त्याला पदयात्रेकरूंची रीघ लागते. नेलमंगल, कुणिगल, हासन, बेलूर, मुडिगेरे, मग चार्माडी घाट उतरून उजिरे आणि शेवटी मंजुनाथाचे देऊळ. वाट सुमारे 300 किलोमीटरची. गावोगावचे लोक यात्रेकरूंना ताक, कलिंगडाच्या फोडी, गरम जेवण देतात.

2023 साली महाशिवरात्र 18 फेब्रुवारीला होती. त्या वर्षी शिवाजीनगरातल्या एका मराठी घरातल्या सासूबाईंनी या वाटेने निघायचे ठरवले. वय एकसष्ट. घरात शिवणकामाचा पिढीजात धंदा. वस्तीचे नाव शिवाजीनगर असले, तरी गल्लीत मराठीपेक्षा तमिळ, उर्दू आणि कन्नडच जास्त ऐकू येते. त्यामुळे बरोबर निघालेल्या अकरा बायकांत सासूबाईंशी मराठी बोलणारी एकही नव्हती. त्याचे त्यांना काही वाटले नाही. सातव्या महिन्यात जन्मलेला नातू जगला, चांगला शाळेत जाऊ लागला, म्हणून अनवाणी चालण्याचा नवस होता. तो फेडायचा राहिला होता.

डासांसाठी मलम, पायांना खोबरेल, तापाच्या गोळ्या अशी तयारी झाली. मुलगा म्हणाला, "बास झालं." सुनेला मात्र बास वाटेना.

सून दोडामार्गची. सिंधुदुर्गातल्या या तालुक्यात 2016 साली माकडतापाची साथ आली होती. ऐन काजूचा हंगाम, बागेत पाचोळा पडलेला, त्यात मेलेली माकडे सापडू लागली आणि मग माणसे तापाने आडवी झाली. तिच्या काकूंना बांबोळीच्या रुग्णालयात न्यावे लागले. काकू वाचल्या, पण पुढे दोन महिने त्यांना घागर उचलवत नव्हती. हा आजार आला तोच मुळी कर्नाटकातून. 1957 साली शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात माकडे पटापट मरू लागली. आधी पीतज्वराची शंका आली. मग पुण्याच्या व्हायरस रिसर्च सेंटरच्या शास्त्रज्ञांनी नवाच विषाणू शोधून काढला. कन्नड माणूस त्याला 'मंगन कायिले', म्हणजे माकडाचा आजार म्हणतो. पण माकड बिचारे आपल्यासारखेच आजारी पडते. विषाणू पोचवते ती गोचीड.

डास निदान कानाशी गुणगुणतो, चावल्यावर खाज सुटते. पावसाळ्यातल्या जळवेचे रक्त वाहताना दिसते. गोचीड यातले काहीच करत नाही. (तिला सरसकट किडा म्हणतात, पण आठ पायांची ती कोळ्याची चुलत बहीण.) माणसाला बहुधा चावते ते तिचे पिल्लू, खसखशीच्या दाण्याएवढे. ते पाचोळ्यातून अंगावर चढते, मऊ जागा शोधते आणि चिकटून बसते. दुखत नाही. डिसेंबर ते मे हा या पिलांचा काळ, आणि महाशिवरात्र नेमकी त्यातच येते.

सुनेने सासूबाईंसमोर मुलाचा पांढरा पायजमा आणि मोजे ठेवले.

"हे साडीच्या आत घाला, आई. पायजम्याचे पाय मोज्यात खोचा. पांढऱ्यावर गोचीड लगेच दिसते."

"मोजे? अगं, माझा नवस अनवाणी चालण्याचा आहे!"

"चालण्याचा आहे ना? बसण्याचा नाही. डांबरी रस्त्यावर अनवाणी चाला. रस्ता सोडून झाडीत गेलात किंवा सावलीला टेकलात, की मोजे आणि चप्पल."

सासूबाईंना हसू आले आणि निम्मे भांडण तिथेच मिटले. सुनेचे म्हणणे खरेही होते. सगळी पदयात्रा काही धोक्याची नसते. डांबरी रस्त्यावर गोचीड सहसा वाट पाहत बसत नाही. धोका असतो आडवाटेला, पाचोळ्यावर अंग टाकण्यात आणि आडोसा शोधत झुडपात जाण्यात. हा शेवटचा प्रकार बायकांच्या वाट्याला जास्त येतो आणि त्याबद्दल बोलायला कोणी तयार नसते.

उरलेले निम्मे भांडण दुसऱ्याच गोष्टीवरून झाले. रोज संध्याकाळी सगळे अंग तपासून घ्यायचे, असे सुनेने बजावले. काखा, गुडघ्यांच्या मागे, कानांच्या पाठी, केसांत आणि परकराची नाडी बसते तिथे.

"आणि माझी पाठ कोण पाहणार? परक्या बायकांसमोर मी पदर काढू?"

यावर सुनेला उत्तर सुचले नाही. तिने आपला भुवया कोरायचा चिमटा आणि एक बारीक फणी पिशवीत टाकली आणि गप्प बसली.

पहिले पाच दिवस सासूबाईंनी फणी काढलीच नाही. मुडिगेरेच्या पुढे कोट्टिगेहारला मुक्काम पडला, तेव्हा सोबतच्या एका तमिळ शेजारणीने आपण होऊन केस विंचरायला घेतले. पिशवीतली फणी पाहून तिने ती कशासाठी म्हणून विचारले. सासूबाईंनी मोडक्या कन्नडमध्ये सांगितले. शेजारीण उठली, दार लावून घेतले आणि म्हणाली, "मग आधी माझी पाठ बघा." त्या रात्री एका शाळेच्या खोलीत अकरा बायकांनी विजेरीच्या उजेडात एकमेकींच्या पाठी पाहिल्या. लाज पहिल्या दोघींपुरतीच टिकली. सासूबाईंच्या कमरेवर, नाडीच्या वळाखाली दोन गोचिड्या निघाल्या.

कोणी म्हणाले रॉकेल लावा, कोणी काडी पेटवली. सासूबाईंनी दोन्ही हात आडवे केले. सुनेचे शब्द पाठ होते. चिमट्याने कातडीच्या अगदी लगत धरायचे, न पिळता सरळ वर ओढायचे, बोटांनी चिरडायचे नाही, जागा साबणाने धुवायची. शेजारणीने तसेच केले.

घरी परतल्यावर तिसऱ्या दिवशी, म्हणजे 21 फेब्रुवारीला, सासूबाईंना सणकून ताप भरला. डोके फुटेल असे दुखू लागले. गोचीड चावल्यापासून साधारण तीन ते आठ दिवसांत हा ताप येतो, हे सुनेला माहीत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "बाहेरगावी गेला होतात?" सासूबाई म्हणाल्या, "नाही."

त्या खोटे का बोलल्या, ते नंतर कळले. देवाच्या वाटेवरून आजार आणला असे लोक म्हणतील, पुढच्या वर्षी गल्लीतल्या एकाही बाईला घरचे पाठवणार नाहीत, ही भीती होती. सुनेने मात्र तिथल्या तिथे चार्माडी, पाचोळा, दोन गोचिड्या, तारीख असे सगळे सांगितले. बंगलोरच्या डॉक्टरला तापाचा रोगी पाहून आधी डेंग्यू आठवतो. जंगलाचे नाव निघाल्याशिवाय तो माकडतापाची तपासणी कशाला सांगेल? रक्ताचा नमुना त्या दिवशीच तपासणीसाठी रवाना झाला. माकडतापावर खास औषध नाही. पाणी, विश्रांती आणि रक्तस्रावावर लक्ष हेच उपचार. अंग दुखते म्हणून ॲस्पिरिनसारख्या गोळ्या मनाने घेऊ नका, हे डॉक्टरांनी बजावून सांगितले. पूर्वी जंगलालगतच्या गावांत दिली जाणारी लसही 2022 साली बंद झाली होती.

अहवाल यायला तीन दिवस लागले. त्या तीन दिवसांत सुनेने दर दोन तासांनी सासूबाईंच्या हिरड्या पाहिल्या, नातवाला आजीजवळ खुशाल बसू दिले, कारण हा ताप माणसाकडून माणसाला लागत नाही, आणि मुलाने विचारलेल्या एकाही प्रश्नाला धड उत्तर दिले नाही. काकूंचे ते दोन महिने तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हते.

अहवाल आला. माकडताप नव्हता, साधा विषाणूजन्य ताप होता. चौथ्या दिवशी सासूबाई उठून बसल्या आणि त्यांनी पेज मागितली.

पुढच्या वर्षी गल्लीतून चौदा जणी निघाल्या. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी सासूबाईंनी दुकानातल्या पांढऱ्या कापडाचे चौदा पायजमे शिवून ठेवले होते, आणि चिमटे किती घ्यायचे यावरून तमिळ शेजारणीशी त्यांची हुज्जत चालली होती.